राखणेचा कोंबडा आणि घरचा दाणा

७ सप्टेंबर

गणपती उरकून काल गावाहून मुलुंडला पोचलो. वही उघडली की आधी सगळ्यांची विचारपूस, मग बाकीचं. माझी जुनी खोड.

सौ. शालन, गुडघा काय म्हणतो? (बसमधून उतरताना “आई गं” म्हणालीस. म्हणजे तेच म्हणतो.) चिरंजीव संजू, कंबर कशी? जिममध्ये लोखंड उचलतोस आणि घरातला हंडा म्हटला की कंबर धरतोस, म्हणून विचारलं. सूनबाई प्राची, सर्दी गेली का? नोकरी मेडिकलच्या दुकानात आणि नाक सदा लाल. दत्ताराम, म्हणजे मी स्वतः, रक्तदाब? गोळी घेतली आहे, जास्त विचारू नये. गावी दादा, खुबा दुखतो का? वहिनी, डोळे? आणि नवी मंडळी, कवडी कोंबडी आणि तिची सात पिल्लं. बाई, प्रवास मानवला का? टोपलीची दशा बघता पोट साफ आहे.

खाजगी बसचा पोरगा म्हणाला, “काका, कोंबडीचं तिकीट लागेल.” म्हटलं, “खिडकीजवळची सीट दे, काढतो.” पुढच्या प्रवाशाकडे वळला.

८ सप्टेंबर

टोपली का आणली ते लिहून ठेवतो. घरातले विचारतायत आणि मला दर वेळी नव्याने सांगायचा कंटाळा.

आमच्या घराण्याची राखण माघात. शिवेवरच्या राखणदार देवाला वर्षाचा एक कोंबडा, दादाच्या हातून. आजोबांपासूनचा नियम, कोंबडा विकतचा नको, घरच्या दाण्यावर वाढलेला हवा. गेल्या खेपेस घरचा कोंबडा मुंगसाने नेला, दादाने बाजारातला दिला, आणि पंधरवड्याच्या आत अंगणात पाय घसरून खुबा मोडून घेतला. मुंबईत आणून ऑपरेशन केलं, आत स्टीलची पट्टी घातली. आता काठीवर चालतो.

“बाजारातलो कोंबडो दिलो, म्हणान तर मी पडलंय.”

मी म्हटलं, दादा, सारवण ओलं होतं.

“सारवण दर वर्सा ओलाच आसता रे. पडलंय ह्याच वर्सा.”

कोंबड्यांमागे त्याला धावता येत नाही, वहिनीला तिन्हीसांजेनंतर दिसत नाही. निघताना टोपली माझ्या हातात दिली. “दत्ता, ह्यातलो एक नर वाढव. घरच्या दाण्यार. माका परत पडूचा नाय.”

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. टोपलीचा कान सोडेना.

१३ सप्टेंबर

मागच्या दारी, डोंगराच्या भिंतीला लागून खुराडं उभं केलं. जुना पत्रा, जाळी, वर दगड. रात्री मांजर, कधीमधी बिबट्याची आवई. शेजारचे सावंत बघायला आले. गिरणीत आम्ही एकाच खात्यात होतो, तेव्हापासून हा माणूस माझ्या प्रत्येक कामात उणं काढतो.

“दत्ताराम, पिल्लां हत की चिमण्यो?”

लहान आहेत, वाढतील.

“माझ्या भाच्याची ब्रॉयलरची पिल्लां ह्या वयात मुठीत मावत नाय.”

ब्रॉयलरची गोष्ट वेगळी, हे त्यांना पटवता पटवता चहा थंड. खायला तांदळाची कणी. घरच्या भाताची, गावाहून गोणीभर आणली आहे. दाणा घरचा म्हणजे घरचाच.

१९ सप्टेंबर

एक पिल्लू गेलं. सकाळी पाय वर करून पडलेलं. बाकीच्यांचे पंख लांब झालेत, अंग मात्र तेवढंच. मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखी दिसतात.

प्राची संध्याकाळी दुकानातून बाटली घेऊन आली. तान्ह्या बाळांना देतात ते जीवनसत्त्वाचे थेंब. “बाबा, पाण्यात दोन दोन थेंब टाका. बघा कशी टवटवीत होतात.”

म्हटलं, सूनबाई, हा राखणेचा कोंबडा आहे, बारशाचा नव्हे. नाही म्हणजे नाही. बाटली तिने फ्रीजवर ठेवली. तोंड एवढंसं झालं. उगाच टाकून बोललो.

२१ सप्टेंबर

वाचनालयात कुक्कुटपालनाचं जुनं पुस्तक मिळालं, वाळवीने अर्धं खाल्लेलं. उरलेल्या अर्ध्यात लिहिलंय की नुसत्या कणीवर पिल्लू जगतं, वाढत नाही. मांस धरायला कडधान्य, मासळीची पूड, पेंड, असं काहीतरी हवं. हे आमच्या आजीला ठाऊक असणार. तिच्या कोंबड्या शेणाच्या ढिगात किडे उकरायच्या. इथे लादीवर काय उकरणार, सिमेंट?

सुकवलेला जवळा! घरातच आहे, गावच्या उन्हात वाळवलेला, मिठाचा नव्हे. नियम मोडत नाही. खलबत्त्यात कुटला, कणीत मिसळला. तुटून पडली. डोकं वर काढेनात.

सावंतांना सांगितलं. म्हणाले, “तां माका म्हायतच होता.” मग सांगायचं नाही का मेल्या!

२३ सप्टेंबर

घट बसले. शालनने फर्मान काढलं. “दसऱ्यापर्यंत घरात जवळ्याचा वास नको.”

अगं, कोंबड्यांचं आहे ते.

“खलबत्ता माझा आहे. ह्या घरातला उपास सगळ्यांचा.”

खलबत्ता मागच्या दारी नेऊन कुटतो म्हटलं, तर वास भिंत ओलांडून येतो म्हणाली. देवीच्या नावाने पुढे वाद घालवेना. पिल्लं परत कणीवर. लिहायलाही लाज वाटते, पण आमच्या घरी कोंबडीची पिल्लं नवरात्र करताहेत.

२८ सप्टेंबर

दादाचा फोन. “पिल्लां कशी आसत?” बरी आहेत. “काय घालतस?” कणी आणि... जवळा. (जवळा दसऱ्यानंतर, पण तेवढं कशाला.) “वा. घरचोच दाणो. नर किती?” अजून कळत नाही म्हटलं. “तुका काय कळता! तुऱ्याक बघ. पायांक बघ. उभ्या ऱ्हवण्याक बघ.”

फोन ठेवून सगळ्यांच्या उभं राहण्याकडे बघत बसलो. एक जरा छाती काढून उभा राहतो. तांबूस, मानेवर काळी रेघ. तोच असावा.

३ ऑक्टोबर

दसरा झाला. जवळा सुरू. देवी पावली म्हणायचं.

तांबड्याने बहिणीच्या चोचीतला जवळ्याचा तुकडा पळवला. नर नक्की.

१२ ऑक्टोबर

वाढ दिसते आहे, हो! थोडी, पण दिसते. पिसांखाली हाताला मांस लागतं. सावंतांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “काल होती तितकीच आसत.” चहा न देता पाठवला.

कवडीने पिल्लांना टोचून दूर करायला सुरुवात केली आहे. आईपण संपलं तिचं. परत अंड्यावर येणार.

२० ऑक्टोबर, चावदिवस

दिवाळीची पहिली अंघोळ, पहाटे पायाखाली कारीट फोडलं. पाच तऱ्हेचे पोहे झाले, कोंबड्यांनाही वाडगाभर. गूळपोहे त्यांनी चिवडून ठेवले, तिखटाचे संपवले. मालवणीच आहेत.

कवडीने आज अंडं घातलं. कवच पातळ, पिशवीसारखं, हातात घेताच फुटलं. शालनने डोळे वटारून माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच घातलं. म्हणाली, “चुना कमी पडतोय तिला. माझी आई तिसऱ्यांचे शिंपले भाजून, कुटून घालायची. बघते मी.”

बघ म्हटलं. कोंबडीचं खातं शालनकडे, पिल्लांचं माझ्याकडे. बरं झालं, एक डोकेदुखी कमी.

२७ ऑक्टोबर

कवडीचं अंडं आता टणक. शालन येता-जाता मला ते अंडं दाखवते.

पिल्लं मात्र दोन दिवस सुस्त. हवा बदलली असेल.

१ नोव्हेंबर

काय झालंय कळत नाही. पांढरं, पातळ शिटतात. पाणी पीत सुटलीत. अंग गोळा करून, पंख पाडून बसतात. जवळा ठेवला तर नुसतं बघतात. ज्यांना डोकं वर काढायची फुरसत नव्हती ती आता डोकं वर उचलत नाहीत. मिळवलं ते आठवड्यात गेलं.

जवळा ओला झाला का? बुरशी आली का? सगळा चाळून परत उन्हात घातला. ठीक आहे तो.

सावंत म्हणतात दृष्ट लागली. म्हटलं, कोणाची ते मला ठाऊक आहे.

४ नोव्हेंबर

दोन गेली. एक काल, एक आज पहाटे. चार उरली, त्यात नर एकच, तांबडा. तोही भिंतीला टेकून.

दादाचा फोन आला, उचलला नाही. शालनला सांगितलं, अंघोळ करतोय म्हण. ह्या वयात खोटं बोलायचं, तेही बायकोच्या तोंडून.

५ नोव्हेंबर

आज जे सापडलं ते लिहितो, रागानेच.

सकाळी खुराडं धुवायला गेलो. खाण्याच्या ताटलीला चॉकलेटचा वास. परत हुंगलं. चॉकलेटच. संजूला हाक मारली. आधी “मला काय माहीत” केलं, मग डोकं खाजवत म्हणाला, “बाबा, माझं प्रोटीन आहे ते. जिमचं. एक चमचाच टाकतो रोज. मसल धरतात यार. तुम्हीच म्हणालात ना, प्रोटीन पाहिजे.”

म्हटलं, कोंबड्याला कुठल्या स्पर्धेत उतरवतोयस? मिस्टर मुलुंड?

तोवर प्राची मागे येऊन उभी. रडवेली. “बाबा, मी पण... पाण्यात ते थेंब टाकत होते. तुमच्या पाठीमागे. मला वाटलं, लहान आहेत बिचारी.”

मी पायरीवर बसलो. शालन आतून पदराला हात पुशीत आली आणि म्हणाली, “ह्यांचं सोडा. माझ्या तिसऱ्यांच्या पुडीने तरी काही होणार नाही. ती मी सगळ्यांनाच घालते. वाढत्या अंगाला चुना लागतोच.”

सगळ्यांनाच! कोंबडीसाठीची पूड पिल्लांच्या ताटलीत, पोरग्याचं चॉकलेट त्याच ताटलीत, सुनेचे थेंब पाण्यात, आणि वर माझा जवळा. एक ना धड, भाराभर चिंध्या. कुणी कुणाला काही बोललं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की बाकीचे निष्काळजी आहेत आणि आपणच काय ते प्रेमाने करतोय.

ओरडलो खूप. मग पाणी प्यायलो. मग तांबड्याकडे गेलो. त्याने एक डोळा उघडून बघितलं आणि मिटला.

६ नोव्हेंबर

प्राण्यांच्या दवाखान्यात. भाजीच्या पिशवीत तांबडा, त्याची चोच तेवढी बाहेर. रांगेत दोन कुत्रे आणि एक पोपट. पोपट सबंध वेळ आमच्याकडे बघून “कौन है?” म्हणत होता.

डॉक्टरीणबाई तरुण, कपाळाला आठ्या. “काय काय देता?”

मी: कणी, जवळा.

प्राची बरोबर होती. तिने घसा खाकरला. मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागलो. तिने परत खाकरला. शेवटी सगळं सांगितलं, चॉकलेटसकट. डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवून पेन खाली ठेवलं.

“आजोबा, अंडी घालणाऱ्या कोंबडीला चुना लागतो, कवच करायला. ह्याला कुठे कवच करायचंय? एवढासा जीव, तो जास्तीचा चुना मूत्रपिंडावर येतो. त्यात थेंबांतलं डी जीवनसत्त्व, म्हणजे चुना अंगात आणखी ओढला जातो. आणि वर ती पावडर. प्रत्येक वस्तू आपल्या जागी चांगली आहे. तुम्ही सगळ्या एका पोटात घातल्यात.”

वाचेल का?

“बघू. आजपासून सगळं बंद. भरपूर स्वच्छ पाणी. कोंबडी वेगळी ठेवा. आणि पिल्लांचं तयार खाद्य आणा, पोतं मिळतं. त्यात सगळं मापात असतं. फक्त तेच.”

तयार खाद्य. म्हणजे विकतचं.

मी विचारलं, घरच्या दाण्यावर नाही का जमणार? त्या म्हणाल्या, जमेल, हळूहळू, जर तोवर राहिला तर.

७ नोव्हेंबर

सकाळी बाजारात गेलो. खाद्याच्या दुकानाच्या पायरीपाशी उभा राहिलो, घरी आलो. दुपारी परत गेलो. आणलं.

भुगा, पिवळट, त्याला वास पेंडीचा. तांबड्याने चोच मारली. एकदा. मग दुसऱ्यांदा.

९ नोव्हेंबर

दादाचा फोन. घेतला. “नर आसा मां?” आहे, तांबडा, मानेवर काळी रेघ. “ऱ्हवता कसो?” बरा आहे म्हटलं, मध्ये जरा पोट बिघडलं होतं. “हळद घाल. आनि दाणो घरचोच घाल हां, पोट बिघडला म्हणान बाहेरचा काय घालू नको. बाहेरचाच बाधता.”

हं म्हटलं.

“हं” हे खोटं धरतात का?

१८ नोव्हेंबर

शिट घट्ट. डोळे उघडे. चारही वाचली म्हणायला हरकत नाही. शालनला दाखवलं. थोड्या वेळाने तिसऱ्यांच्या पुडीचा डबा फडताळात पार मागे ढकलताना दिसली. कवडीला आता वेगळ्या ताटलीत, चिमटीने, मला विचारून देते. मला विचारून! लग्नानंतर प्रथमच.

संजू जिमहून आला की आधी मागच्या दारी जातो. हात मागे बांधून उभा राहतो. मी काही म्हणायच्या आत म्हणतो, “काही टाकत नाहीये, बाबा. बघतोय फक्त.”

३० नोव्हेंबर

काय झपाट्याने भरतोय! वजनकाटा नको, हातालाच कळतं. तुरा लाल व्हायला लागला. पायाला बळ. सावंत आले, चष्मा पुसलाच नाही, थेट म्हणाले, “काय घातलंस रे?”

सांगितलं. हसले नाहीत. राखण त्यांच्या घराण्यातही आहे, त्यांना कळतं. खुराड्याच्या जाळीला धरून विचारलं,

“दादाक सांगलंस?”

नाही.

“मगे सांगू नको. देवाक काय पोत्यावरचा लेबल वाचूचा आसा?”

म्हटलं, लेबल देव वाचणार नाही हो, पण गाऱ्हाणं दादा घालणार. शिवेवर उभा राहून, मोठ्या आवाजात, चार गाववाल्यांसमोर म्हणणार, घरच्या दाण्यावर वाढलेला कोंबडा तुला देतोय, मान्य करून घे. शब्द त्याचा. खोटं माझं, आणि पडणार त्याच्या तोंडी.

सावंत म्हणाले, “तेवढो शब्द गाळूक सांग.” दादाला? जो आरतीतलं एक कडवं सुटलं तर परत पहिल्यापासून म्हणायला लावतो त्याला?

चहा घेतला, गेले. उणं काढलं नाही म्हणजे प्रकरण खरंच गंभीर आहे.

११ डिसेंबर

आज पहाटे तांबडा आरवला. आरवला कसला, खाकरला. संजूच्या मिसरूड फुटतानाच्या आवाजासारखा. सगळे झोपेतून उठून मागच्या दारी. प्राचीने मोबाइलवर घेतलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत गावी पाठवलं, शेजारच्या पोराच्या फोनवर.

संध्याकाळी व्हिडिओवर दादा. कपाळ तेवढं दिसत होतं. “दाखव. पाय दाखव. वळव. छातयेन भरलो मां?” वळवला. तांबडा ऐटीत. दादाचं कपाळ हललं. मग आवाज, तिकडे कुणाला तरी सांगत होता. “बघ, ह्यो माझो दत्ता. मुंबयत ऱ्हवान घरच्या दाण्यार वाढवलान. घरच्या दाण्याचो गुण तो!”

मी काय करावं? सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हटलं, रेंज नाही, ठेवतो.

रेंज होती.

१२ डिसेंबर

काल लिहिलं नाही ते आज. व्हिडिओ बंद व्हायच्या आधी दादाने फोन वहिनीकडे दिला आणि उभा राहून दाखवलं. काठीशिवाय. दोन पावलं. खाटेचा कठडा धरून थांबला. म्हणाला, राखणेला शिवेपर्यंत चालत जाणार, डोलीत बसून नाही. कोंबडा घरचा आहे म्हटल्यावर पाय आपोआप उचलतो.

आता सांगितलं तर हा माणूस परत खाटेवर बसेल. नाही सांगितलं आणि वाटेत दगडाला ठेच लागली, तर?

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे तांबडा आरवतोय.

२१ डिसेंबर

घरात ह्याच विषयावर खल. प्रत्येक जेवणाला.

संजू: “सिंपल आहे, बाबा. आता महिनाभर घरची कणी घाला. म्हणजे घरच्या दाण्यावर वाढलेला झालाच ना? टेक्निकली.” देवाशी टेक्निकली!

प्राची: “दादांना बरं वाटतंय ना? मग त्यातच बरं.”

शालन सगळं ऐकून भाकरी थापत होती. शेवटी म्हणाली, “भावोजींच्या खुब्यात पट्टी घातली ती काय घरच्या विळ्याची? विकतचीच ना? मग ते स्वतः घरचे राहिले की नाही? त्यांना बाहेरची पट्टी चालते, आणि कोंबड्याला बाहेरचा दाणा चालत नाही होय?”

तव्यावरची भाकरी करपली.

हा मुद्दा मला दीड महिन्यात का सुचला नाही, ह्याचा राग वेगळा.

४ जानेवारी

फोनवर तीनदा प्रयत्न केला. दादा, एक सांगायचंय, म्हटलं की तोच सांगायला लागतो. वाट साफ करून घेतली, नारळ काढून ठेवले, भटाला नाही पण राखणेचे विधी करणाऱ्या घाडीला कळवलं, धोतर धुवून ठेवलं. माझं वाक्य सुरू व्हायच्या आत, “ये लवकर” आणि खट्. त्याच्या फोनला ऐकायचं भोक आहे की नाही कोण जाणे.

शेजारच्या पोराच्या मोबाइलवर लिहून पाठवायचं तर ते पोर मोठ्याने वाचून दाखवणार. सगळ्या वाडीला कळेल. दादाची शोभा. नको.

पत्र. तेच बरं. दादा भिंग धरून स्वतः वाचतो.

शालन म्हणाली, पट्टीचं लिहा. म्हटलं, तो मुद्दा तुझा आहे, मोठ्या भावाला लिहायचा माझा धीर नाही. “मग मी लिहू?” नको बाई. तू सांगायची ते समोर सांग, तो तुझं ऐकतो.

सावंतांना मजकूर वाचून दाखवला. म्हणाले, “शेवट जरा खमको कर.” ह्यांचं उणं परत सुरू झालं. बरं वाटलं.

६ जानेवारी

आज टाकलं. दोनदा खोडलं ते सोडून उरलं ते असं, आठवणीसाठी उतरवून ठेवतो.

दादास साष्टांग नमस्कार. खुबा कसा आहे? वहिनीला डोळ्यांत थेंब घालायला विसरू नकोस. इकडे शालनचा गुडघा, संजूची कंबर, प्राचीची सर्दी, सगळं जागच्या जागी.

तांबडा तू बघितलास. अंगाने भरला, उभा राहतो, आरवतो. पण दादा, तो घरच्या दाण्यावर वाढलेला नाही. सुरुवातीला कणी आणि जवळा घातला. मधे घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने काही ना काही घातलं, सगळ्यांनी मायेने घातलं आणि त्यानेच तो मरायला टेकला. दोन पिल्लं त्यातच गेली. डॉक्टरीणबाईंनी तयार खाद्य सांगितलं. मी आणलं, विकतचं. तू नको म्हणाला होतास तेच. त्यावर तो जगला. तू विचारलंस तेव्हा मी हं म्हटलं. त्याने मला झोप नाही.

कोंबडी तुझ्या अंगणातली, अंडं तुझ्या अंगणातलं, राखायला आम्ही घरचे. दाणा तेवढा परका. आता हा चालतो की नाही, हे मी ठरवणार नाही आणि तू फक्त माझ्या समाधानासाठी हो म्हणू नकोस. गाऱ्हाणं तू घालणार. जे तोंडातून सरळ निघेल तेच खरं. पाहिजे तर त्यात जसं घडलं तसं म्हण, की अडचणीत परका दाणा घालून जगवला, पदरात घे. नको वाटलं तर तसं कळव, मी तांबडा इथेच ठेवीन. पण मी येणार. कोंबडा असो नसो, शिवेपर्यंत तुझ्या डाव्या बाजूला मी चालणार आहे, तुला आवडो न आवडो.

बसची तिकिटं काढायची आहेत आणि टोपलीचं काय ते ठरवायचं आहे, तेव्हा पत्र मिळताच उत्तर लिही. दोन ओळी पुरेत. शिव्या घालायच्या असल्या तर त्याही घाल, पण शेजारच्या पोराकडून लिहवून घेऊ नकोस. तुझ्या स्वतःच्या हाताने लिही, आणि लवकर लिही.